खानदेशातील रानहरणे

खानदेशातील रानहरणे : जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील डोंगररानांत व त्यांच्या पायथ्याच्या माळांवर आढळणारे मृगकुलातील व गोकुलातील वन्य खुरी प्राणी. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याची रांग आणि मधून वाहणारी तापी असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. १९६० पासून त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार हा जिल्हा वेगळा करण्यात आला. प्राण्यांना अर्थातच या सीमा ठाऊक नसतात. यावलच्या रानातील सांबर रात्रीतून मध्य प्रदेशात जाऊन येते आणि चाळीसगावच्या घाटातील भेकर सहज मराठवाड्याच्या पठारावर चढते. म्हणून पुढील विवेचनात डोंगररांग हेच एकक मानले आहे.

बोलीभाषेत या सर्व प्राण्यांना सरसकट ‘हरिण’ म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु त्यांत दोन वेगळी कुले आहेत. सांबर, चितळ व भेकर हे मृगकुलातील (सर्व्हिडी) होत. त्यांची शिंगे भरीव हाडाची असून ती दरवर्षी गळून पडतात व पुन्हा उगवतात. या तिन्ही जातींत ती फक्त नरालाच असतात. चौशिंगा, चिंकारा, काळवीट व रोही म्हणजे नीलगाय हे गोकुलातील (बोव्हिडी), म्हणजे गाय व शेळी यांचे आप्त होत. त्यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढविलेले शृंगद्रव्याचे पोकळ आवरण असून ते जन्मभर टिकते. मृगकुलातील या प्राण्यांना पित्ताशय नसते, हाही एक भेद आहे. पण तो रानात पाहणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. त्याच्या दृष्टीने शिंगाला फांद्या आहेत की ते सरळ अथवा पिळाचे आहे, एवढे पाहणे पुरेसे असते. दोन्ही कुलांतील प्राणी रवंथ करणारे आहेत. उघड्यावर घाईने चरून घ्यावयाचे आणि मग आडोशाला बसून निवांत रवंथ करावयाचे, हा त्यांचा दिनक्रम आहे. ते केव्हा व कोठे दिसतील याचे उत्तर बहुतांशी या सवयीत सापडते.

अधिवास : खानदेशातील वने शुष्क पानझडी आहेत. साग, सलई, धावडा, खैर, मोह, टेंभुर्णी, पळस, आवळा, बेहडा ही त्यांतील नेहमीची झाडे होत. खडकाळ उतारांवरचा अंजन हा खानदेशाचा विशेष म्हणावा लागेल. पावसाळ्यात व त्यानंतर कार्तिकापर्यंत गवत पुरुषभर वाढते व पाणी जागोजागी असते. या काळात हरणे विखुरलेली असतात आणि गवतामुळे ती दहा पावलांवर असूनही दिसत नाहीत. माघानंतर पानगळ होते, नाले आटतात आणि जनावरे उरलेल्या डोहांच्या आसपास गोळा होतात. वैशाखात तापीच्या खोऱ्यातील तापमान ४५° से. च्या वर जाते. त्या दिवसांत सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, अनेर आदी नद्यांच्या पात्रांतील डोहांवर आणि सातमाळ्यातील कुंडांवर प्राण्यांचे जीवन अवलंबून असते.

मोहाची फुले गळू लागली म्हणजे सांबर, भेकर व अस्वल एकाच झाडाखाली येऊन जातात; फुले वेचणारी माणसेही पहाटे तेथेच येतात. आवळ्याची फळे हरणे आवडीने खातात. गर पचतो व कठीण आठळ्या रवंथ करताना बाहेर टाकल्या जातात, त्यामुळे आवळ्याचा प्रसार होतो. झाड व जनावर यांचा हा व्यवहार परस्परांच्या हिताचा आहे. हरणे नाहीशी झालेल्या रानात आवळ्याची नवी रोपे मातृवृक्षाच्या सावलीतच राहण्याचा संभव असतो.

संरक्षित क्षेत्रांपैकी यावल अभयारण्य (१९६९) सर्वांत जुने आहे. त्याचे क्षेत्रफळ सु. १७८ चौ. किमी. असून ते जळगाव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्यात आहे. रावेर तालुक्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण त्याच परिसरात येते. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य (१९८६, सु. ८३ चौ. किमी.) आणि जळगाव व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) या जिल्ह्यांत पसरलेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य (१९८६, सु. २६१ चौ. किमी.) ही अन्य दोन होत. यांतील औट्रमघाट हे नाव १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमवरून पडले आहे. चाळीसगावहून पाटणादेवी, तेथून पितळखोऱ्याची लेणी आणि पुढे गौताळा तलाव हा पायी हिंडणाऱ्यांचा आवडता मार्ग याच अभयारण्यात आहे.

सांबर (रूसा युनिकलर) : भारतातील मृगकुलाचा हा सर्वांत मोठा प्रतिनिधी. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची सु. १५० सेंमी. व वजन २२५ ते ३२० किग्रॅ. असते, मादी लहान व फिकट असते. रंग गडद तपकिरी, केस राठ, कान मोठे व रुंद. नराच्या मानेवर हिवाळ्यात आयाळीसारखे केस वाढतात. प्रत्येक शिंगाला एकूण तीन टोके असतात : एक भुवईजवळ व दोन शेंड्याला. मध्य भारतात शिंगे बहुधा चैत्राच्या सुमारास गळतात. नवे शिंग पावसाळ्यात वाढते. तेव्हा ते मऊ, उबदार व मखमली त्वचेने वेढलेले असून त्यात रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पावसाळा सरता सरता ही त्वचा सुकते व नर ती झाडांच्या खोडांवर घासून काढतो. वाटेवरच्या कोवळ्या झाडाची साल माणसाच्या कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर ओरबाडलेली दिसली, तर तेथून सांबर गेले असे समजण्यास हरकत नाही. माजाचा काळ मुख्यतः कार्तिक-मार्गशीर्षात येतो. या दिवसांत नर चिखलात लोळतो आणि त्याचा उग्र दर्प पुष्कळ अंतरावरून येतो. गर्भकाल सु. आठ महिन्यांचा असून एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते.

सांबर हे दाट रानाचे, तीव्र चढाचे व अंधाराचे जनावर आहे. सूर्योदयानंतर ते क्वचितच उघड्यावर राहते. इतके अवजड जनावर असूनही ते सुकलेल्या सागाच्या पाचोळ्यातून आवाज न करता निघून जाऊ शकते. घाबरले मात्र तर दगड गडगडत, फांद्या मोडत पळते. पाण्याशी त्याची जवळीक मोठी आहे; रानकुत्र्यांनी पाठलाग केल्यास ते डोहात उभे राहून त्यांना तोंड देते. यावलच्या रानात त्याचे अस्तित्व टिकून आहे. पण जेथे गुरांची वर्दळ आहे तेथून ते मागे सरते, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

भेकर (मंटिॲकस व्हजायनॅलिस, जुन्या ग्रंथांत मंटिॲकस मुंटजॅक) : खानदेशातील डोंगरांत पायी हिंडणाऱ्याला खऱ्या अर्थाने मृगकुलातील प्राणी भेटलाच, तर तो भेकर असण्याचा संभव अधिक. उंची ५० ते ७५ सेंमी., वजन सु. २० ते २५ किग्रॅ. आणि रंग तांबूस तपकिरी. नराची शिंगे आखूड असून केसाळ त्वचेने झाकलेल्या लांब अस्थिदंडांवर बसविलेली असतात. हे दंड कपाळावरून खाली डोळ्यांपर्यंत कंगोऱ्यांच्या रूपाने उतरतात, त्यामुळे तोंडावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची काळी रेघ दिसते. मादीला शिंगांच्या जागी केसांचे झुबके असतात. नराच्या वरच्या जबड्यातील सुळे ओठांबाहेर येतात. ही शस्त्रे लहान असली तरी कुत्र्याला गंभीर जखम करण्यास पुरेशी आहेत. शिंगे साधारणतः ज्येष्ठाच्या सुमारास गळतात. गर्भकाल सु. सहा महिने असतो.

भेकर एकटे किंवा जोडीने राहते. चालताना ते मान खाली घालते, मागचा भाग उंच ठेवते आणि प्रत्येक पाऊल नेमके उचलते. झुडपांतून जाण्यास ही ठेवण सोयीची आहे. त्याचा धोक्याचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असून तो कित्येक मिनिटे, क्वचित तासभरही ठराविक अंतराने चालू राहतो. दरीच्या समोरच्या अंगाला ‘कुत्रे’ एका ठिकाणी उभे राहून संथपणे भुंकत असेल आणि जवळपास वस्ती नसेल, तर ते भेकर समजावे.

चौशिंगा (टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस) : हा लहान प्राणी भारत व नेपाळ सोडून जगात अन्यत्र आढळत नाही आणि चार शिंगांचा दुसरा कोणताही वन्य सस्तन प्राणी नाही. उंची सु. ६० ते ६५ सेंमी. व वजन सु. २० किग्रॅ. नराची मागची शिंगे ८ ते १० सेंमी. लांब व पुढची बोटाच्या पेरांएवढी असतात. काही नरांत पुढची शिंगे नुसत्या गाठींच्या स्वरूपात राहतात. मादीला शिंगे नसतात. भेकर व चौशिंगा यांचा गोंधळ वारंवार होतो आणि बोलीत दोघांना एकच नाव देणारी गावेही आहेत. भेकराची पाठ गोलसर व कपाळ काळ्या रेघांचे असते, तर चौशिंग्याच्या पुढच्या पायांवरून एक काळी रेघ उतरते व त्याची चाल झटके देत चालल्यासारखी असते. चौशिंगा पाण्यापासून फार दूर जात नाही आणि लेंड्या टाकण्यासाठी पुनःपुन्हा त्याच जागी येतो. अशा जागा सापडल्या की त्याचे दर्शन न होताही त्याचा वास निश्चित करता येतो. गवतात दडून बसावयाचे व अगदी पायाशी माणूस आला म्हणजेच उसळून पळावयाचे, ही त्याची रीत असल्याने त्याची पहिली भेट बहुधा दचकविणारी असते.

अन्य जाती : चितळ (ॲक्सिस ॲक्सिस) हे पांढऱ्या ठिपक्यांचे हरिण चित्रांमुळे सर्वांना परिचित आहे. परंतु ताडोबा किंवा पेंच येथील चितळांचे मोठे कळप पाहिलेल्याने खानदेशच्या डोंगरांत तशी अपेक्षा ठेवू नये. चिंकारा (गॅझेला बेनेटी) हा मात्र या कोरड्या प्रदेशाचा खरा रहिवासी आहे. यावल, अनेर व गौताळा या तिन्ही ठिकाणी त्याची नोंद असून पायथ्याचे खडकाळ, विरळ झुडपांचे माळ त्याला मानवतात. तो दीर्घकाळ पाण्यावाचून राहू शकतो. काळवीट (अँटिलोप सर्व्हिकॅप्रा) सपाट गवताळ माळाचे जनावर असल्याने डोंगरात सहसा भेटत नाही. रोही (बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस) घोड्याएवढे मोठे असून रान व शेत यांच्या सीमेवर कळपाने वावरते. पिकांच्या नुकसानीमुळे शेतकऱ्याच्या मनात त्याच्याविषयी जी चीड आहे, ती रानात हौसेने येणाऱ्यास सहसा समजत नाही.

गाठभेटीचे स्वरूप : हरिण माणसाला प्रथम पाहते, असा समज आहे. वस्तुतः ते बहुधा प्रथम वास घेते, नंतर ऐकते आणि शेवटी पाहते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे मागचा थोडा भाग वगळता सभोवारचा सर्व टापू त्याच्या दृष्टीत असतो. मंद प्रकाशात ते उत्तम पाहते व हालचाल तर तत्काळ टिपते. मात्र स्थिर वस्तूचा आकार ओळखण्यात ते कच्चे असते आणि तांबडा रंग त्याला माणसाप्रमाणे दिसत नाही. म्हणून कपड्यांच्या रंगाची जी चिंता केली जाते, तिच्यापेक्षा वाऱ्याची दिशा व हालचालीचा संथपणा या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. चिमूटभर धूळ हातातून सोडून वारा पाहण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. डोंगरात सामान्यतः ऊन चढू लागले की वारा दरीतून वर वाहतो आणि सूर्यास्तानंतर तो उलटतो. सकाळी उशिरा माथ्यावरून खाली उतरणाऱ्याकडे दरीतला वास येतो व त्याचा स्वतःचा वास खाली जात नाही. तोच मनुष्य सायंकाळी त्याच वाटेने उतरला तर त्याचा गंध त्याच्या आधी दरीत पोहोचलेला असतो.

समोरासमोर गाठ पडल्यास हरिण क्षणभर स्तब्ध होते. कान पुढे रोखलेले, मान ताठ, एक पुढचा पाय किंचित उचललेला, अशी ती मुद्रा असते. माणूसही त्याच वेळी स्तब्ध झाला, तर ही अवस्था काही मिनिटे टिकू शकते. पाय आपटणे हे संशयाचे व शेपूट उभारणे हे भयाचे लक्षण आहे. यांपैकी काही दिसताच मागे सरणे योग्य. त्याच्याकडे सरळ चालत जाण्यापेक्षा नजर थोडी बाजूला वळवून उभे राहिल्यास ते कमी बिचकते. ते निघून गेल्यावर त्याच्या मागे जाऊ नये. उन्हाळ्यात पाण्यावर येताना हुसकावलेले जनावर पुन्हा त्या डोहावर येण्यास रात्रीपर्यंत थांबते. दिवसभरात दहा मंडळ्यांनी तसे केले, तर ते तहानलेलेच राहते. माणसाला ती एका क्षणाची मौज असते. जनावराचा मात्र त्यात एक दिवस जातो.

पाऊलखुणांवरून जाती ओळखता येतात. सांबराचा खूर सु. ७ ते ८ सेंमी., चितळाचा सु. ५ सेंमी. व भेकराचा सु. ३ सेंमी. लांबीचा उमटतो. ओल्या मातीत कडा तीक्ष्ण असतील तर माग ताजा असतो. कडा ढासळल्या असतील किंवा त्यावर किड्यांच्या वाटा उमटल्या असतील तर तो रात्रीचा समजावा. शेळ्यांचे माग भेकराच्या मागांशी फार जुळतात. जेथे शेळ्या चरतात तेथे नवख्याने या मागांवरून निष्कर्ष काढू नये.

इशारे : सांबराचा धोक्याचा आवाज मोठा, भरदार व अचानक असतो, बोलीत तो ‘पोंक’ किंवा ‘ढांक’ असा सांगितला जातो. चितळ तीव्र, शिटीसारखा आवाज करते व कोणत्याही संशयाने ओरडते. सांबर मात्र सहसा बिबट्या किंवा वाघ प्रत्यक्ष दिसल्यावाचून वा त्याचा वास आल्यावाचून ओरडत राहत नाही, म्हणून जाणते लोक त्याच्या साक्षीला अधिक वजन देतात. वानराचे खाकरणे व सांबराचा पोंक एकाच दिशेने, एकामागून एक येत असतील, तर तेथे शिकारी प्राणी आहे असे धरून चालावे. अशा वेळी मंडळींनी एकत्र यावे, मुलांना मधे घ्यावे व आल्या वाटेने शांतपणे परतावे. आवाजाच्या दिशेने ‘पाहू तरी काय आहे’ म्हणून जाणे हा अविचार होय. सातपुड्यातील पावरा, भिल्ल व तडवी वाटाड्ये हे आवाज लहानपणापासून ऐकत आलेले असतात. वाटाड्या थांबला तर आपण थांबावे, कारण विचारणे नंतरही जमते.

हरिण माणसावर आपण होऊन हल्ला करीत नाही, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. अपवाद तीन : माजावर आलेला नर, जखमी व कोंडीत सापडलेले जनावर आणि माणसाळलेला नर. यांतील तिसरा सर्वांत धोक्याचा. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेल्या नराला माणसाचे भय उरत नाही आणि पहिली शिंगे टणक झाली की तो माणसाला प्रतिस्पर्धी नराप्रमाणेच वागवतो. रात्री घाटरस्त्यावर वाहनाच्या दिव्यांनी दिपून उभे राहिलेले सांबर हेही मोठे संकट आहे. औट्रमघाटातून धुळे-सोलापूर हा वाहता महामार्ग गेला आहे. अशा घाटांत एक जनावर ओलांडून गेले की दुसरे मागून येणार असे गृहीत धरून वेग कमी ठेवणे इष्ट.

पिल्ले : डोंगरवाटांवर घडणारा सर्वांत मोठा अनर्थ दयेपोटी घडतो. भेकर, चौशिंगा, चिंकारा यांच्या माद्या नवजात पिल्लाला गवतात किंवा झुडपाखाली निजवून दूर चरावयास जातात. पिल्लाच्या अंगाला पहिल्या दिवसांत गंध जवळजवळ नसतो व ते धोका जाणवताच मान जमिनीला टेकवून निश्चल पडते. आई जवळ राहिली तर तिच्याच वासावर बिबट्या किंवा कोल्हा तेथे येईल. म्हणून ती दिवसातून काही वेळाच पाजावयास येते. अशा रीतीने एकटे निजलेले पिल्लू वाटसरूला ‘आईने टाकलेले’ वाटते. ते उचलून गावात आणले जाते, त्याला गाईचे दूध पाजले जाते, हगवण लागते आणि बहुधा काही दिवसांत ते मरते. जगलेच, तर ते रानात परत जाण्यास अपात्र झालेले असते. इकडे मादी संध्याकाळी त्या जागी येऊन पिल्लाला शोधीत राहते.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज मात्र बहुतांशी निराधार आहे. अजाणता उचललेले पिल्लू त्याच दिवशी नेमक्या त्याच जागी ठेवून सर्वांनी दूर गेल्यास आई ते पुन्हा जवळ करण्याची शक्यता पुष्कळ असते. पिल्लू जखमी असेल, मेलेल्या मादीशेजारी असेल किंवा कुत्र्यांनी घेरले असेल, तरच हस्तक्षेप करावा व तोही नजीकच्या वनरक्षकास कळवून. स्वतःचे कुत्रे घेऊन रानात जाणे तर सर्वस्वी त्याज्य आहे. निजलेले पिल्लू माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. कुत्र्याच्या पायाखाली ते सापडते. गावच्या मोकाट कुत्र्यांनी टोळीने भेकराचा पाठलाग करणे ही आता अनेक रानांतील नित्याची गोष्ट झाली आहे.

पूर्वस्थिती व ऱ्हास : या प्रदेशातील माणसाचा व रानातील प्राण्यांचा संबंध फार जुना आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७० च्या दशकातील उत्खननांत उत्तर पुराणाश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व त्या कवचावरील कोरीव नक्षी सापडली. आज जेथे भेकराची भुंक ऐकू येते, त्या परिसरात सु. २५,००० वर्षांपूर्वी शहामृग हिंडत होते. जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणांना मिळून एकच मस्तक कोरले आहे. ते मस्तक कोणत्याही देहाशी जोडून पाहिले तरी पूर्ण हरिणच दिसते. बसलेले, मान वळविणारे, चरणारे अशा प्रत्येक हरणाची ठेवण इतकी अचूक आहे, की कोरणाऱ्याने हा प्राणी जवळून व पुष्कळ वेळ पाहिला असला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या पूर्वार्धात बंदुकीची शिकार, इमारती व जळाऊ लाकडाची तोड आणि शेतीचा विस्तार यांमुळे वन्य प्राणी घटत गेले. बुळकांड्या हा गुरांचा रोग रानातील खुरी प्राण्यांतही पसरे. तो भारतातून नाहीसा झाला असला, तरी लाळ्या-खुरकूत अद्याप आहे व गुरे आणि हरणे एकाच पाण्यावर येतात तेथे त्याची भीती राहते. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याच्या प्रथेतून वणवे लागतात आणि नेमक्या टंचाईच्या दिवसांत उरलेले गवत जळून जाते. यावलच्या रानात शेतीसाठी झालेली तोड हा दीर्घकाळचा वादाचा विषय आहे. त्यात वनखाते, पिढ्यान् पिढ्या डोंगरात राहणारे लोक व बाहेरून येऊन रान तोडणारे असे वेगवेगळे पक्ष आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्यांच्यात भेद करून पाहणे आवश्यक ठरले आहे. सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

सातपुड्याचे रान पुरते रिते झाले आहे असे मात्र समजू नये. शतकाहून अधिक काळ दिसला नव्हता तो रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, हे याचे एक गमक होय. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ गौताळ्यात पोहोचला. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील मुक्ताई-भवानी क्षेत्रातही वाघांचा वावर आहे. परंतु वाघ येऊन पोहोचणे व वाघ टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टिकण्यासाठी त्याला सांबर व रोही यांसारखे मोठे भक्ष्य लागते. ते नसेल तर तो गुरांवर येतो आणि गुरांवर आलेल्या वाघाचे आयुष्य फार नसते. म्हणून खानदेशात वाघाचा प्रश्न हा मूलतः हरणांचा प्रश्न आहे.

कायदा व संकेत : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील दुरुस्त्यांनुसार वरील सर्व जातींना संरक्षण असून चौशिंगा, चिंकारा व काळवीट यांचा समावेश पहिल्या अनुसूचीत आहे. अभयारण्यात प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते. शस्त्र नेणे, विस्तव करणे व प्राण्यांना त्रास देणे यांस मनाई आहे. रानात गळून पडलेले सांबराचे शिंग सापडले तर ते आठवण म्हणून घरी आणण्याचा मोह अनेकांना होतो. अभयारण्यातून ते उचलणे हा गुन्हा आहेच. शिवाय त्या शिंगाचा रानात उपयोगही असतो. साळिंदर ते कुरतडते व स्वतः हरणेही ते चघळतात, कारण त्यातील कॅल्शियम व फॉस्फरस त्यांना हवे असते. पुढच्या वर्षीच्या शिंगात त्याचा काही अंश परत जातो.

हरणे पाहण्याची सर्वांत निरुपद्रवी रीत म्हणजे पाणवठ्यापासून अंतर राखून, मचाणावर किंवा आडोशाला बसून वाट पाहणे. वनखाते दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतील पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजणी करते व तीत निवडक स्वयंसेवकांना घेते. मचाणावर रात्रभर न बोलता बसावे लागते. पहिल्या प्रहरी रानडुकरे व साळिंदर येतात. सांबर बहुधा मध्यरात्रीनंतर येते. प्रथम कडेच्या सावलीत कितीतरी वेळ ते नुसते उभे राहते, मग दोन पावले टाकते, पुन्हा थांबते. आणि पाणी पिताना मान खाली गेली तरी त्याचे कान मचाणाच्या दिशेला वळलेलेच असतात.